प्लास्टिकचे दात

माझा दवाखाना मी खुर्चीसकट विकला. हुबळीत देशपांडे नगरात, एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत बाकं, मागच्या खोलीत खुर्ची, दिवा, एक्सरेचं यंत्र, आणि गॅलरीत धडधडणारा कॉम्प्रेसर. दहा-बारा वर्षं मी तिथं दात काढले, भरले, बसवले. विकत घेणारी धारवाडची एक तरुण डेंटिस्ट होती, माझ्याच कॉलेजातून माझ्यामागून बऱ्याच वर्षांनी बाहेर पडलेली. कानडी घरातली मुलगी. आमचं बोलणं कायम कानडीतच झालं, इथं मी ते मराठीत लिहिते. किल्ली घेताना ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या नावाची पाटी एवढ्यात काढत नाही मी. पेशंट बिचकतात." मला तेव्हा त्याचं फार बरं वाटलं. ती धंद्याचं बोलत होती आणि त्यात गैर काही नव्हतं, हे कळायला मला वेळ लागला.

दवाखाना विकायचं कारण माझा नवरा. तो कॉम्प्युटरवाला. बंगळूरच्या कंपनीचं काम हुबळीत घरी बसून करायचा आणि इथं आपलं काही होत नाही, असं त्याला फार दिवस वाटत होतं. मेलबर्नच्या नोकरीचं नक्की झालं त्या दिवशी जेवताना त्यानं सांगितलं.

"आणि माझं?" मी विचारलं.

"तुझं काय? तिथं डेंटिस्टला केवढा मान आहे. एक परीक्षा द्यायची असते, बस्स."

मोबाइलवर त्यानं तेवढंच वाचलं होतं. त्या 'एका परीक्षे'वर माझी पुढची कितीतरी वर्षं गेली. आमचं भांडण मात्र झालं नाही. आमच्यात भांडणं होत नसत. तो ठरवायचा, आणि मग तुला काय वाटतं, असं अगदी शांतपणे विचारायचा.

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात कापडाचं दुकान. आमची माणसं मूळची गडहिंग्लजकडची. पणजोबांनी हुबळी गाठली. घरात मराठी, गल्ल्यावर कानडी. मी दाताची डॉक्टर व्हायचं म्हटलं तेव्हा बाजारातले लोक अप्पांना विचारायचे, पोरीला दुसऱ्याच्या तोंडात हात घालायला शिकवताय होय? अप्पा म्हणायचे, "तुमच्याच तोंडात घालणार हाय, जरा स्वच्छ ठेवा." पुढं खरंच त्यातले निम्मे माझ्या खुर्चीवर येऊन बसले. मी जाणार म्हणून सांगायला दुकानात गेले तेव्हा ते कापडाचं ठाण गुंडाळत होते.

"डोळ्यांसमोर होतीस," म्हणाले. मग ठाण फळीवर ठेवून, "तिथं पण ह्येच काम करणार न्हवं?"

"हेच करणार, अप्पा."

"मग झालं."

माझे पेशंट बहुतेक बाजारातले. हमाल, भाजीवाल्या, हातगाडीवाले, कमरीपेठेतले लहान-लहान धंदेवाले. गुटख्यानं गाल आतून चामड्यासारखे कडक झालेले, तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. अशा तोंडातली अक्कलदाढ काढायची म्हणजे डोळ्यांना काही दिसत नाही, सगळा कारभार बोटांच्या टोकांवर. ते मला येत होतं. फुशारकी मारायला सांगत नाही. जे येत होतं त्याचं पुढं काहीच झालं नाही, म्हणून सांगते.

मेलबर्नला पहिलं वर्ष कागदांत गेलं. मी खरोखरच शिकले होते, खरोखरच पास झाले होते, माझ्याविरुद्ध कुणाची तक्रार नव्हती, हे सगळं सही-शिक्क्यानिशी तिथं पोचायला हवं होतं. कॉलेजच्या ऑफिसात अप्पा स्वतः जाऊन बसायचे. आज सही झाली तर शिक्का राहायचा, शिक्का झाला तर पाकीट बंद करणारा माणूस रजेवर असायचा. फोनवर उलट तेच मला समजावायचे, "हुईल ग. एक साडी घ्यायला बायका एवढा येळ बसत्यात की."

लेखी परीक्षा मी पहिल्याच वेळी पास झाले. नवऱ्यानं त्या दिवशी बाहेर जेवायला नेलं. उरली होती प्रात्यक्षिक परीक्षा. तिची जागा मिळायलाच बरेच महिने थांबावं लागणार होतं. घरी बसून डोकं फिरायची वेळ आली तेव्हा मी आमच्या भागातल्या एका दवाखान्यात असिस्टंट म्हणून लागले. डेंटिस्टच्या शेजारी उभं राहायचं, थुंकी ओढणारी नळी तोंडात धरायची, हवं ते हत्यार हातात द्यायचं, पेशंट गेला की खुर्ची पुसायची.

त्या दवाखान्याचा मालक वयानं मोठा, मऊ बोलणारा गोरा डेंटिस्ट होता. पहिल्या दिवशी त्यानं मला हात कसे धुवायचे ते दाखवलं. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला दाखवावं लागतं, नियम आहे, असं म्हणताना तो स्वतःच ओशाळला. पेशंटना माझी ओळख करून देताना सांगायचा, ही तिच्या देशात डेंटिस्ट होती. त्याच्या तोंडून ते 'होती' इतकं सहज यायचं की हळूहळू मलाही ते खटकेनासं झालं. तिथं कुणी माझा अपमान केला नाही. केला असता तर निदान राग काढायला जागा मिळाली असती.

एकदा एक बाई आपल्या सासूला घेऊन आली. सासू गदगकडची, मुलाकडे चार महिने राहायला आलेली, कानडीशिवाय काही येत नव्हतं. सुनेचं कानडी मोडकंतोडकं. डॉक्टरनं मला दुभाषी केलं. एक्सरे झाला, आणि खालची दाढ काढावी लागेल, असं मी त्या म्हातारीला सांगितलं.

"मग काढ की," ती म्हणाली.

"मी नाही. हे डॉक्टर काढतील."

"तू डॉक्टर नाहीस?"

"इथं नाही. हुबळीत होते."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तिकडं काढत होतीस, इकडं काढत नाहीस. मग एवढ्या लांब कशाला आलीस, तंगी?"

तंगी म्हणजे धाकटी बहीण. त्या देशात मला कुणी पहिल्यांदाच तसं म्हणत होतं. डॉक्टरनं विचारलं, त्या काय म्हणतायत? मी सांगितलं, त्यांना भीती वाटतेय. मग त्यानं तिच्या खांद्यावर थोपटलं, आणि मी नळी हातात घेतली.

प्रात्यक्षिक परीक्षा माणसांवर होत नाही. एक रबरी तोंडाचं डोकं असतं, मानेच्या जागी लोखंडी दांडा, आणि जबड्यात स्क्रूनं बसवलेले प्लास्टिकचे दात. ते कोरायचे, भरायचे, त्यांच्यावर कॅप बसवण्यासाठी ते घासून तयार करायचे. नवऱ्यानं मला तसं एक डोकं आणून दिलं. गॅरेजात टेबलाला ते घट्ट बसवलं आणि मी सरावाला लागले. खऱ्या दाताचं वरचं कवच ड्रिलला दाद देत नाही. मग एकदम आतला मऊ भाग लागतो आणि हाताला कळतं की आता सांभाळ. प्लास्टिक वरपासून खालपर्यंत सारखंच. जळका वास येतो, हाताला काही कळत नाही. इतक्या वर्षांत हाताला जे वळण लागलं होतं ते मला मोडायचं होतं. नवऱ्याचे मित्र जेवायला यायचे तेव्हा तो आधी गॅरेजात जाऊन त्या डोक्यावर टॉवेल टाकून यायचा. लहान मुलं घाबरतात, म्हणायचा.

मूल आम्हालाही हवं होतं. परीक्षा झाली की, असं ठरलं होतं. ठरवलं मीच, पण त्याचीही ना नव्हती. पोटुशी असताना तासन्‌तास वाकून बसवत नाही, आणि परीक्षेची तारीख हुकली तर पुन्हा रांगेच्या शेवटी. परीक्षा झाली की.

परीक्षेला आम्ही एका मोठ्या हॉलमध्ये रांगेनं बसलो. इराणी, फिलिपिनो, पाकिस्तानी, पंजाबी, गुजराती, इजिप्तचे. बहुतेक सगळे आपापल्या देशात दवाखाना असलेले, काहींचे केस पिकलेले. जेवणाच्या सुट्टीत कुणी कुणाशी बोललं नाही. परीक्षक मागून फिरत होते, हातातल्या पाटीवर काहीतरी टिपत होते, चेहऱ्यावरची रेघ हलू देत नव्हते. मी नेहमीपेक्षा हळू काम केलं. एकदा मास्क नाकावरून घसरला आणि मी तो मनगटानं सावरला. मनगटानंच सावरला, असं मला वाटतं. बोट लागलं असेल तर मला माहीत नाही. हातमोज्यानं मास्कला हात लावणं तिथं मोठा गुन्हा.

मी नापास झाले. कळवणाऱ्या मेलमध्ये कुठल्या भागात कमी पडले एवढंच होतं.

"नक्की कुठं चुकलं?" नवऱ्यानं विचारलं.

"माहीत नाही."

"विचार ना त्यांना."

"तेवढं सांगत नाहीत."

"असं कसं? काहीतरी पद्धत असेल." त्यानं फोनवर शोधलं, आणि पद्धत नाही असं त्यालाही कळलं. मग म्हणाला, "पुढच्या वेळी होईल." त्याच्या कामात तसंच असतं. एकदा चाललं नाही तर दुरुस्त करून पुन्हा चालवायचं. वाईट हेतू नव्हता. फक्त शाळेपासून मी कधी नापास झाले नव्हते, हे त्याच्या लक्षात नव्हतं.

पुढच्या परीक्षेआधी मी हुबळीला जायचं ठरवलं. गॅरेजात टेबलाशी बसून खऱ्या खुर्चीशी, दिव्याखाली काम करायचा सराव होत नाही, आणि मेलबर्नला खुर्ची भाड्यानं मिळवणं मला परवडत नव्हतं. माझ्या जुन्या दवाखान्यात दुपारी एकपासून साडेचारपर्यंत कुणी नसायचं. तो विकत घेतलेल्या त्या मुलीला मी फोन केला. "विचारायचं काय त्यात, मॅडम? तुमचाच दवाखाना आहे," ती म्हणाली.

पाटीवर आता तिचं नाव होतं. भिंती फिकट हिरव्या. खुर्ची तीच, नवीन रेक्झिन चढवलेली. पहिल्या दुपारी मी ते रबरी डोकं खुर्चीच्या उशाला बांधलं, दिवा ओढला, कॉम्प्रेसर सुरू केला, आणि त्या आवाजानं मला इतकं सुटल्यासारखं झालं की थोडा वेळ मी नुसतीच बसून राहिले. त्या आठवड्यात माझा हात सुधारला. दिवसाला चार-पाच दात करायचे, मापायचे, फेकायचे.

पण मी आलेय हे अप्पांनी दुकानात सांगितलं होतं, आणि दुर्गदबैलात एका दुकानात सांगितलेलं दिवस मावळायच्या आत सगळ्यांना कळतं. एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली. कमरीपेठेतला एक हातगाडीवाला होता. त्याच्या गालातल्या पांढऱ्या चट्ट्यांवर मी कितीतरी वर्षं लक्ष ठेवून होते, दर काही महिन्यांनी रागावून गुटखा सोडायला लावत होते.

"अक्का, यावाग बंद्री?" त्यानं विचारलं. कधी आलात?

उत्तराची वाट न बघता त्यानं खुर्चीवरचं डोकं बघितलं, हसला, आणि मी ते सोडवेपर्यंत बाजूला उभा राहिला. मग चढून बसला आणि तोंड उघडलं. मी हातमोजे घातले. चट्टे होते तेवढेच होते. एका दाढेचं सिमेंट पडलं होतं, ते मी भरून दिलं. किती दिवसांनी माझ्या बोटाखाली खरा दात होता. त्याची गरम वाफ, सुपारीचा वास, जीभ मध्येच येऊन ढकलणं, हे सगळं मी विसरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या बहिणीला पाठवलं. मग भाजीवाल्या आल्या. मी कुणाला बोलावलं नाही आणि कुणाला परतही पाठवलं नाही. रबरी डोकं कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायला लागलं. घेतलं कुणाकडून काही नाही. एकीनं कोथिंबिरीची जुडी ठेवली, ती घरी नेली.

एक दिवस ती डेंटिस्ट मुलगी तीन वाजताच आली. खुर्चीवर पेशंट होता. दारातूनच तिनं बघितलं आणि पुढच्या खोलीत जाऊन बसली. पेशंट गेल्यावर आत आली, पर्स टेबलावर ठेवली.

"मॅडम, राग मानू नका. हे लोक संध्याकाळी मला म्हणतात, मोठ्या अक्का दुपारी बघतात, आम्ही दुपारी येतो."

"मी सांगते त्यांना."

"तेवढंच नाही." तिनं नजर खाली केली. "तुमचं रजिस्ट्रेशन चालू आहे ना? इथलं?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. परदेशात असताना नूतनीकरणाची मुदत टळून गेली होती. तिथल्या कागदांच्या मागे लागताना इथल्या कागदाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"उद्या कुणाला रक्तस्राव झाला, रिॲक्शन आली, तर दवाखाना माझ्या नावावर आहे, मॅडम." ती हळू बोलत होती, जवळजवळ विनवत. "तुमच्या हाताबद्दल मी एक शब्द बोलत नाही."

तिचं सगळं बरोबर होतं. तिच्या जागी मी असते तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं. त्यानंतर मी दुपारी आतून कडी लावून सराव करायला लागले. जिन्यावर पावलं वाजायची, दार वाजायचं, मी ड्रिल बंद करून गप्प बसायचे. थोड्या वेळानं पावलं खाली उतरायची.

रजिस्ट्रेशनचे कागद मी भरायला घेतले, पण माझी रजा संपायच्या आत ते होणार नव्हतं.

त्याच आठवड्यात एका सकाळी अप्पा चहाला आले तेव्हा त्यांचा उजवा गाल सुजलेला होता. मी विचारल्यावर आधी म्हणाले, डास चावला. मग म्हणाले, कधीमधी ठणकतंय, लई दिवस झाले.

"दाखवलं का नाही कुणाला?"

"तू येणार म्हणून थांबलो बघ."

त्यांना खिडकीशी बसवून मी मोबाइलच्या उजेडात बघितलं. खालची दाढ. हिरडी सुटलेली, मुळं उघडी पडलेली, बोट लावलं तरी हलत होती. भूल दिल्यावर माझ्या हातानं चहा गार व्हायच्या आत निघाली असती.

"काढून टाकू. त्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ या आज."

"त्या कशाला? तू हायस की."

"माझं लायसन संपलंय, अप्पा."

"कुठलं? तिथलं?"

"तिथलं मिळालंच नाही अजून. इथलं संपलंय."

अप्पांनी सुजलेल्या गालावर हात ठेवला. टोचून बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. गिऱ्हाइकाला माप विचारावं तसं त्यांनी खरंच माहिती करून घ्यायला विचारलं, "म्हंजे आत्ता तू कोण?"

मी उठून त्यांचा चहा गाळला.

संध्याकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. तिनं आम्हाला आधी आत घेतलं. अप्पांना 'अज्जा' म्हणाली, दुकानाची चौकशी केली. मी डावीकडे उभी राहिले आणि सवयीनं नळी हातात घेतली. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही कशाला?" पण मी सोडली नाही. निदान तेवढ्याला परवाना लागत नाही. तिनं भूल दिली, थांबली, टोचून खात्री केली, मग चिमटा लावला. अप्पा सगळा वेळ तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते. तिचं मनगट चांगलं होतं. घाई नाही, ओढाताण नाही. दाढ अख्खी बाहेर आली, मुळांसकट. मी असं म्हणायची वाट बघत होते की मी असते तर आणखी बरं झालं असतं. म्हणता आलं नाही.

रिक्षात अप्पांच्या तोंडात कापूस होता. तो दाबून धरून ते बोबडे बोलले, "पोरगी चांगली हाय."

"हो," मी म्हटलं.

दोन दिवसांनी मी दुकानात गेले. समोरच्या भांड्यांच्या दुकानातले काका अप्पांचे जुने मित्र. त्यांनी मला हाक मारली. "काय सुंदर दाढ काढलीस म्हणे अप्पांची. कळलं सुदिक न्हाई म्हणत्यात. बापाच्या तोंडाला हात लावायचा म्हंजे काळीज पायजे." मी अप्पांकडे बघितलं. ते गिऱ्हाइकाला पोत दाखवत होते. त्यांनी मान वर केली नाही. मी काकांना म्हटलं, आता गरम काही देऊ नका हं त्यांना. दुसरं काय म्हणणार होते? अप्पांनी उभ्या जन्मात बाजारात खोटं माप दिलं नव्हतं. माझ्यासाठी त्यांना ते करावं लागलं.

मी परत मेलबर्नला गेले, पुन्हा परीक्षेला बसले, आणि पास झाले. निकाल आला तेव्हा मी मागच्या खोलीत हत्यारं उकळायच्या यंत्रात ट्रे लावत होते. मालकानं माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, दुपारी सगळ्यांसाठी केक आणला. मग म्हणाला, तुला इथंच ठेवायला आवडलं असतं, पण मी नुकताच कॉलेजातून आलेला एक मुलगा घेतलाय. त्या मुलाच्या हाताखाली मी आणखी दोन महिने नळी धरली.

अप्पांना फोन केला.

"झालं?" ते म्हणाले. "मग आता कधी येतीस?"

"सुट्टी मिळाली की येईन."

"सुट्टी न्हवं ग. आता झालं न्हवं तुझं तिथलं?"

ते इतके दिवस असं समजून चालले होते की ही परीक्षा पुरी करायची आणि परत यायचं, पूर्वी लोक मुंबईला शिकायला जाऊन यायचे तसं. मी त्यांना म्हटलं, अप्पा, ही परीक्षा इथं राहण्यासाठीच होती. त्यांनी तिकडं दुकानात कुणाला तरी माप सांगितलं. मग म्हणाले, "व्हय, व्हय. बरोबर हाय."

शहरात मला काम मिळालं नाही. सगळीकडे तिथला अनुभव मागायचे. हुबळीतली वर्षं कुणी मोजत नव्हतं. शेवटी रेल्वेनं बरेच तास आत असलेल्या एका गावात जागा मिळाली. गव्हाचा मुलूख, एकच रस्ता, दोन दुकानं, आणि डेंटिस्ट टिकत नाही म्हणून रिकामा पडलेला दवाखाना. आठवडाभर मी तिथं एका खोलीत राहते आणि शुक्रवारी मेलबर्नला जाते. नवरा उपमा करून ठेवतो. आम्ही एकमेकांना आठवडा कसा गेला ते विचारतो, पाहुण्यांसारखं. मूल व्हावं म्हणून आम्ही डॉक्टरकडे जाऊन आलो. वय आडवं येतंय, तिनं सांगितलं. तिनं फार नाजूकपणे सांगितलं. परतताना गाडीत त्यानं रेडिओ लावला आणि मी तो बंद केला नाही.

काम मला येतं. पेशंट बरे आहेत. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं दाढ काढून झाल्यावर विचारलं, नवीनच पास झालेली दिसतेस? स्वागतकक्षातल्या बाईनं मी बोलायच्या आत सांगितलं, हो, याच वर्षी. तो म्हणाला, नवशिकीच्या मानानं हात हलका आहे. मी थँक्यू म्हटलं.

परवा अप्पांच्या ओळखीतल्या एका कापड-व्यापाऱ्याच्या मुलीचा फोन आला. धारवाडला डेंटलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिलाही इकडं यायचंय. अप्पांनी माझा नंबर दिला होता. मी तिला सगळं नीट सांगितलं. कुठले कागद, कोणाकडून, कुठली परीक्षा आधी, सराव कसा करायचा, मास्कला हात लावू नकोस. तिकडचं, आपल्याकडचं रजिस्ट्रेशन चालू ठेव, हे दोनदा सांगितलं. ती मन लावून ऐकत होती, मध्येच हं, हं म्हणत होती.

"एवढं सगळं झालं की मग, मॅडम?"

"मग तू डेंटिस्ट होशील."

ती जरा गोंधळली. "ते तर मी याच उन्हाळ्यात होणार आहे," म्हणाली.

मी तिला परीक्षेसाठी शुभेच्छा दिल्या. बाहेर एक बाई मुलाला घेऊन केव्हाची बसली होती. तिला आत बोलावलं.